इस्माईलनं भरलेली हवा

दिग्रसहून यवतमाळकडे जाणारी सकाळची बस सुटेपर्यंत शाकिराचाची माझ्या खिडकीखाली उभी होती. माझा लहानपणापासूनचा मित्र इस्माईल, त्याची ही आई. वय सत्तरीचं, पण आवाज खणखणीत. एकच गोष्ट ती वेगवेगळ्या शब्दांत सांगत होती.

"त्याले म्हणजो, आता पुरे झालं. सेठ जिनिंग पुन्हा चालू करून राह्यला. फिटर पाहून राह्यला. त्याले संगच घेऊन येजो."

"आणतो चाची."

"नुसतं हो म्हणू नको. घेऊनच ये."

बस हलली तेव्हा तिनं खिडकीतून माझ्या मांडीवर एक उशी ठेवली. यंदाच्या पहिल्या वेचणीचा कापूस, सरकी हातानं काढलेली, खोळही नवी. एवढ्या लांब उशी कुठं न्यायची, हे म्हणायला वेळच उरला नाही.

मी दिग्रसला शाळेत भूगोल शिकवतो. कंकणद्वीप म्हणजे काय, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. बांगडीसारखं प्रवाळाचं कडं, आत उथळ शांत पाणी, बाहेर खोल समुद्र. इतकी वर्षं काढलं, पण कंकणद्वीप सोडा, मी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. आमचं पाणी म्हणजे अरुणावतीचा डोह. इस्माईल आणि मी तिथंच पोहायला शिकलो.

पुढं मी मास्तर झालो आणि तो जिनिंगमध्ये फिटर. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. हंगामात अशी कितीतरी यंत्रं एका रांगेत धडधडत, आणि कोणत्या जिनचा रोलर झिजला आहे हे इस्माईल फाटकातून आत येतानाच आवाजावरून सांगत असे. मग कापसाचे वाईट दिवस आले. भाव पडले, माल घरातच साचू लागला, जिनिंगना एकामागून एक कुलपं लागली. इस्माईलच्या सेठनंही फाटक बंद केलं. पण इस्माईलची छाती त्याच्या आधीच भरून येऊ लागली होती. हंगाम सुरू झाला की खोकला, चार पायऱ्या चढला की धाप. यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, "रुईची धूळ छातीत बसली आहे. यापुढं रुईपासून लांब राहायचं." चाचीला त्यानं यातलं काही सांगितलं नाही, फक्त मला; आणि एवढ्या वर्षांत छाती बरी झाली असेल, असं मी धरून चाललो होतो. काम बंद पडलं म्हणून चाललो, एवढंच सांगून तो कोचीला एका नातेवाइकाच्या कॉम्प्रेसर दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथून लक्षद्वीपच्या एका बेटावर कॉम्प्रेसर दुरुस्त करायला म्हणून आठ दिवसांसाठी गेला आणि तिथंच राहिला. त्याला पाच वर्षं झाली होती. दर शुक्रवारी आमच्या घरी त्याचा फोन यायचा, चाची येऊन बोलायची, आणि दर वेळी तो म्हणायचा, "पुढच्या साली येतो."

दिवाळीची सुटी लागताच मी निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या होत्या. सेवाग्रामला केरळकडे जाणारी गाडी धरली. दीड दिवस गाडीत काढला. पहिल्या सकाळी माती काळी राहिली नव्हती, दुपारनंतर ताडाची झाडं सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात येणाऱ्या फेरीवाल्यांचं एक अक्षरही कळेना. शेजारी बसलेल्या एका केरळी गृहस्थांनी उशीकडे बोट दाखवून हिंदीत विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही, मित्राला त्याच्या आईनं पाठवली आहे." पुढच्या स्टेशनवर त्यांनी मला चहा पाजला.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. इस्माईलनं तिकडून कागद पाठवले होते, मी इकडून पोलिसांचा दाखला घेतला होता. कोचीच्या धक्क्यावर ते सगळं दाखवून संध्याकाळी जहाजात चढलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो असा, रांगेत उभं राहून, माणसांच्या खांद्यांमधून. उजाडल्यावर वर गेलो तेव्हा चारी बाजूंना पाण्याशिवाय काही नव्हतं. मला एकाएकी दिग्रसची आठवण आली. घर सोडून तीनच दिवस झाले होते. पाच वर्षांत इस्माईलचं काय झालं असेल, हे तिथं पहिल्यांदा मनात आलं.

बेट दिसलं ते नारळाच्या झाडांची एक काळपट रेघ म्हणून. मग रंग वेगळे होऊ लागले. जहाजाखालचं पाणी गडद निळं, पुढं लाटा फुटण्याची पांढरी कड, आणि कडेच्या आत असा रंग, जो मी फळ्यावर हिरव्या खडूनं दाखवत आलो होतो. तो हिरवा नव्हता. निळाही नव्हता. मला त्याला नाव देता आलं नाही.

जहाज कड्याच्या आत जात नाही. बाहेरच थांबतं, आणि पोटातल्या दारातून खालच्या हलत्या होडीत उतरावं लागतं. होडी वर आली की पाय टाकायचा. मी विचार करत राहिलो, होडी खाली गेली, आणि मी कांद्याच्या पोत्यांवर आडवा पडलो. गुडघा सोलला. उशी माझ्या हातातून सुटली होती. एका खलाशानं ती वरच्यावर झेलली आणि जराही न हसता परत दिली.

इस्माईल धक्क्यावर उभा होता. दाढी पांढरी झालेली, अंग भरलेलं, रंग आणखी सावळा. मला मिठी मारून तो म्हणाला, "काहून रे, एवढा वाळला?"

माझी बॅग त्यानं डोक्यावर घेतली आणि नारळीच्या रस्त्यानं बोलत बोलत निघाला. पाव कोस तरी चाललो असू. तो एकदाही थांबला नाही. दिग्रसला शेवटच्या वर्षी घरापासून मशिदीपर्यंत जाताना तो दोनदा ओट्यावर बसत असे.

बेटावर पाण्याखाली उतरायला शिकवणारं एक केंद्र आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून लोक प्रवाळ आणि शार्क पाहायला जातात. तिथल्या लोकांच्या बोलीत शार्कला स्राव म्हणतात. त्या टाक्यांत हवा भरण्याचं काम इस्माईलचं. केंद्रामागं पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर, शेजारी त्याची एक खोली, पुढं वाळू आणि मग पाणी.

दुपारी भात आणि चूरा (तिकडचा ट्यूना मासा) नारळाच्या रसात शिजवलेला. चव चांगली होती, पण इस्माईलचं लक्ष माझ्या पिशवीकडं होतं. मी ज्वारीचं पीठ आणि जवसाची चटणी आणली होती. त्यानं ताट बाजूला ठेवलं, नारळाच्या शेंड्या पेटवल्या आणि स्वतःच भाकर थापायला बसला. पहिली मोडली, दुसरी जमली. ती त्यानं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग प्रश्न सुरू झाले. स्टँडवरच्या चहावाल्याकडं आता कोण बसते, अरुणावतीले पाणी किती हाये, कोणाकोणाच्या जिनिंग बंद पडल्या, बंद पडल्या तं यंत्रं कोठी गेली.

"भंगारात," मी म्हटलं.

"आपली चार नंबरची बी?"

"ती नाही गेली. सेठ पुन्हा चालू करतोय. तुला बोलावलंय. चाचीनं तर मला तुला न्यायलाच पाठवलंय."

मी उशी पुढं केली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, तोंड तिच्यात खुपसलं आणि बराच वेळ तसाच बसला. मग ती डोक्याखाली घेऊन चटईवर आडवा झाला. मीही डोळे मिटले.

पंधरा मिनिटंही झाली नसतील. खोकल्यानं मला जाग आली. इस्माईल उठून बसला होता, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता, श्वास आत जात होता पण बाहेर येत नव्हता. मी त्याला धरून बाहेर वाऱ्यावर आणलं. वाळूत गुडघ्यांवर हात टेकून तो बसला. डोळे लाल, ओठ काळेनिळे. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. हळूहळू श्वास जागेवर आला.

"अम्मीनं घरीच साफ केली असन," तो शेवटी म्हणाला. "रुईत कचकूर, बारीक कचरा, राह्यली असन थोडी."

"हो. तिनंच केली."

"तिले सांगू नको."

त्यानं मला उशी पॉलिथिनमध्ये गुंडाळायला लावली, वर दोरी बांधायला लावली, आणि ती शेडमधल्या वरच्या फळीवर ठेवली. म्हणाला, "राहू दे तिथंच. डोळ्यासमोर राह्यते." मी त्या दिवशी पुन्हा जिनिंगचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाक्या भरत होता. एकेका टाकीला पाण्यात ठेवून, नळी जोडून, काट्यावर नजर. मी शेजारी बसलो होतो.

"विनू, तू खाली जाय," तो अचानक म्हणाला.

"कुठं खाली?"

"पाण्यात. स्राव पाहून ये."

मला हसू आलं. पण त्याचा चेहरा हसण्यातला नव्हता.

"पाच साल झाले, मी हवा भरून राह्यलो. कुठून कुठून लोक येतेत, माह्या हातची हवा घेऊन खाली जातेत. मले जाऊ देत नाही. पहिल्याच साली तपासणीत छाती नापास झाली. वर आल्यावर लोक सांगतेत, पण त्याईच्या भाषेत. शिकवणारा हमीद तं इथलाच. त्याले विचारलं तं म्हणते, चार स्राव होते. झालं, संपलं. तू मास्तर हायेस. तुले सांगता येते."

शार्कची मला भीती वाटत होती, आणि श्वासाचं यंत्र तोंडात धरून पाण्याखाली बसण्याची त्याहून जास्त. पण आदल्या दिवशीचा तो शिट्टीचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता. मी हो म्हणालो.

हमीद तिथला शिकवणारा, बेटावरच जन्मलेला, पस्तिशीचा. मोडक्या हिंदीत मोजकं बोलायचा. तीन दिवस त्यानं मला कड्याच्या आतल्या शांत पाण्यात शिकवलं. पहिल्या दिवशी चष्म्यात पाणी शिरलं, मी तोंडातली नळी थुंकली, हातपाय झाडले, आता मरतो असं वाटलं. हमीदनं मला दंडाला धरून उभं केलं. पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं.

"मास्टर," तो म्हणाला, "साँस मत रोको. बस, यही एक बात है."

दुसऱ्या दिवशी कान दुखला. तिसऱ्या दिवशी मी पाण्याखाली वाळूवर गुडघे टेकून बसलो आणि दहा मिनिटं नुसता श्वास घेतला. इस्माईल शेडच्या दारातून पाहत होता.

चौथ्या दिवशी होडी कड्याबाहेर गेली. इस्माईलही बरोबर आला. माझ्या पाठीवर टाकी त्यानं स्वतः बांधली, पट्टे दोनदा ओढून पाहिले.

"हवा चांगली हाये," तो म्हणाला. "सकाळीच भरली. गाळणी बी नवीन टाकली."

मी मागं पडून पाण्यात गेलो. हमीदनं माझा हात धरला आणि आम्ही दोराला धरून उतरू लागलो. वर होडीचं पोट दिसत होतं, लहान लहान होत जाणारं. खाली प्रवाळ, कुठं सांबराच्या शिंगांसारखं, कुठं मोठ्या टोपलीएवढं गोल. पिवळे मासे माझ्या हातांमधून असे जात होते, जणू मी तिथला एखादा खांब आहे. माझा श्वास मला ऐकू येत होता. आत घेताना घर्रकन, सोडताना बुडबुड.

तळाला दोन खडकांमध्ये पांढऱ्या वाळूची एक पट्टी होती. हमीद थांबला, आणि तळवा कपाळावर उभा धरला. तो पाठीवरच्या पराची खूण करत होता.

वाळूवर तीन शार्क पडले होते. माणसाएवढे लांब, राखाडी, पराचं टोक तेवढं पांढरं. गुरं सावलीत बसतात तसे एकमेकांना लागून बसले होते. माझा श्वास एकदम भरभर चालू लागला. हमीदनं माझ्यासमोर बोट वरखाली केलं, सावकाश, सावकाश. मी त्या बोटाबरोबर श्वास घेऊ लागलो. मग दिसलं, शार्कच्या गालामागच्या फटी उघडत होत्या, मिटत होत्या. उघडत होत्या, मिटत होत्या. ते काहीच करत नव्हते. नुसता श्वास घेत होते, माझ्यासारखाच.

त्यातला एक उठला. शेपटीचा एकच हेलकावा, वाळूचा बारीक धूर, आणि तो आमच्याकडं आला. दोन हातांवरून गेला. डोळा मांजरासारखा, उभ्या बाहुलीचा. त्यानं मला पाहिलं की नाही, कळलं नाही. त्याच्या लेखी मी कोणी नव्हतो, आणि ते मला बरं वाटलं.

पुढं कडा होता. तिथं तळ संपतो. फळ्यावर मी त्या जागी 'खोल समुद्र' लिहून खडू खाली ठेवत असे. निळं निळं होत जाणारं, शेवट नसलेलं. त्या निळ्यात दूरवरून दोन मोठे शार्क येत होते, जाडजूड, न थांबता, स्वतःच्या कामाला निघाल्यासारखे. ते आले, गेले, निळ्यात विरले. त्यांच्यामागं जावंसं वाटलं. खरंच वाटलं. चाळीस ओलांडलेला, बायकामुलं असलेला मी, त्या निळ्याकडं तोंड करून थांबलो. हमीदनं माझा हवेचा काटा पाहिला आणि अंगठा वर केला. परतायची वेळ झाली होती.

होडीत इस्माईलनं मला आधी पाणी दिलं, टॉवेल दिला. किनाऱ्याला लागेपर्यंत काही विचारलं नाही. शेडच्या सावलीत बसल्यावर म्हणाला, "सांग. कायची घाई नाही."

मी सांगितलं. वर्गात कधी सांगितलं नसेल इतक्या बारकाईनं सांगितलं. तो मध्ये मध्ये थांबवायचा. फिटरचे प्रश्न होते ते. वळताना आधी डोकं वळते का शेपूट? चामडी कशी, पालिश केल्यासारखी का खरबरीत? पर हलते का ताठ राह्यते?

"आणि पडले होते म्हणतोस. हललेच नाही?"

"नाही. नुसत्या फटी उघडत होत्या."

"मले तं कोणी सांगितलं होतं, स्राव थांबला का मरते. सारखं पळाच लागते त्याले."

"काहींना लागतं. हे पडूनही श्वास घेतात."

त्यानं पाण्याकडं पाहिलं. "म्हणजे पडल्या पडल्या बी दम चालते," तो स्वतःशीच म्हणाला.

निघण्याच्या आदल्या दिवशी विषय त्यानंच काढला.

"सेठले सांगजो, चार नंबरचा डावा रोलर आधी बदल म्हणा. नवा फिटर पाहील, पण त्याले ते कळणार नाही."

"म्हणजे तू येत नाहीस."

"कसा येऊ? तू पाह्यलं ना." मग तो म्हणाला, "तुले वाटत असन, मी इथं खुश हावो. दम खुश हाये. बाकी मी दिग्रसलेच हावो. टाकी भरता भरता रोज बाजारातून चक्कर मारून येतो. हंगामाचे दिवस आले का सकाळी कानात जिन चालू होतेत, अन् मग ध्यानात येते, ते माहं कॉम्प्रेसर हाये."

दुसऱ्या दिवशी होडीतून जहाजात चढताना मी वेळेवर पाय टाकला. तो धक्क्यावर उभा होता. पांढऱ्या कडेपलीकडं गेल्यावर माणसं दिसेनाशी झाली, मग झाडं.

दीड दिवसाच्या गाडीत मी चाचीला सांगायच्या गोष्टी जुळवत होतो. मालक सोडत नाही. पगार वाढला. पुढच्या साली येतो म्हणाला. त्यानं मला सांगू नको म्हटलं होतं, आणि मी मान हलवली होती. वर्धा ओलांडेपर्यंत माझं ठरलं होतं की खोटंच बोलायचं.

दिग्रसला बसमधून उतरलो. चाची आलेली होती. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. माझ्यामागून उतरणारा एकेक माणूस पाहत राहिली, शेवटचा उतरून कंडक्टरनं दार लावेपर्यंत. ते पाहिल्यावर खोटं बोलणं मला जमलं नाही. तिच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, रुईचं, उशीचं, दुपारच्या त्या खोकल्याचं. त्याचं न थांबता चालणंही सांगितलं, भाकर थापणंही.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. डोळ्यांना पदर लावला नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "पाच साल मी त्याच्यावर रागात काढले."

मग उठली, चहा ठेवला. मला पाठमोरीच विचारलं, "त्या बोटीतून उतराले कोणी हात देते काय?"

"देतात."

"शिडी असते का उडी माराव लागते?"

"पाय टाकायचा असतो, चाची. होडी वर आली की."

"पुसदच्या पलीकडं मी कधी गेली नाही," ती म्हणाली. "पण पाय टाकता येते मले."

इस्माईल कोचीपर्यंत घ्यायला येणार आहे. तिथवर मी तिला पोचवणार, नाताळाच्या सुटीत. मी त्याला आणायला गेलो होतो. आता ही पण जाईल, आणि एवढी एवढी गल्ली माझ्यासाठी आणखी रिकामी होईल. वर्गात कंकणद्वीप आलं की मी अजून तेच कडं काढतो, पण बाहेरच्या निळ्यापाशी खडू थांबतो, आणि पोरं मास्तरांकडं पाहत बसतात.

काल शाळा सुटल्यावर चाचीचा परवान्याचा अर्ज भरला. नाव, वय, पत्ता मी लिहिलं. प्रवासाचं कारण, या रकान्याशी आलो तेव्हा पर्यटन लिहू का, असं तिला विचारलं.

"ते काय असते?"

"फिरायला जाणं."

"मी कायले फिराले जाऊ," ती म्हणाली. "लिही, पोराले पाहाले."

मी तसंच लिहिलं.